धाव घेणाऱ्यांची नावं

स्वतःचं नाव पेपरात वाचून दचकावं असं एकच पान असतं, आणि ते वाचायला माणूस हजर नसतो. धम्मपाल लोखंडे हजर होता, पान निराळं होतं, तरी तो दचकला. पान तिसरं, खालचा कोपरा, मूळव्याधीच्या जाहिरातीच्या बरोबर वर. बातमी अगदी रीतसर होती. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात काल दुपारी अगरबत्तीच्या गोदामाला भीषण आग लागली, लाखोंचा माल खाक झाला, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, आगीचं नेमकं कारण समजू शकलं नाही. आणि मग शेवटचं वाक्य: ‘घटनेची माहिती मिळताच समाजसेवक लडकूशेठ, युवा उद्योजक मनोजशेठ व ज्येष्ठ पत्रकार धम्मपाल लोखंडे यांनी तातडीने घटनास्थळी धाव घेतली.’ त्याने चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. नाव तिथेच होतं. हातातलं बिस्कीट चहात बुडवून धरलं होतं, ते मऊ होत होत अर्धं तळाशी गेलं, आणि उरलेलं अर्धं बोटांत धरून तो विचार करत राहिला की काल दुपारी आपण होतो कुठे. काल दुपारी जेवलो. भाजी कसली होती? शेवग्याच्या शेंगांची, नाही, शेंगा परवा. मग आडवा झालो, पंखा आवाज करत होता, उठलो तेव्हा रत्नाने चहा ठेवला. पण ही दुपार कालचीच कशावरून? निवृत्त माणसाच्या दुपारी एका साच्यातल्या विटांसारख्या असतात. एखादी मधून कोणी काढून नेली तरी भिंत तशीच दिसते. गोदामाच्या आगीला तो गेला असता तर ते आठवलं असतं. आग काही शेवग्याची शेंग नव्हे.

धावण्याशी त्याचं नातं तसं जुनं, पण ते सगळं कागदावरचं. ‘दैनिक खाडीकाठ’चा भिवंडीचा वार्ताहर म्हणून त्याने उभा जन्म काढला, आणि त्या जन्मात त्याच्या बातमीतला कोणी माणूस कधी चालत गेला नाही. पोलीस धाव घेत. अग्निशमन दल धाव घेई. बंबाला मागून धक्का मारून तो चालू करावा लागला असला, तरी बातमीत बंब धावच घेई. जमिनीच्या वादात हरलेला, काठी टेकत येणारा म्हातारा उच्च न्यायालयात धाव घेई, आणि त्याची अंथरुणाला खिळलेली बहीण त्याच्यावर ताण करून सर्वोच्च न्यायालयात. मंत्री धावती भेट देत, आणि त्या धावत्या भेटीत गावठी कोंबडीचं जेवण अधिक एक डुलकी सहज बसे. प्रशासनाची धावपळ उडे, म्हणजे साहेब शिपायाला हाक मारी. सोनं धावे, बाजार धावे, टंचाईत बायकांची पाण्यासाठी धावाधाव होई. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन धावता येत नाही, हे बातमी लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि त्या बायकांनाही ठाऊक असे, पण कोणाची तक्रार आली नाही. त्याचा बाप चिंधू निजामपुऱ्यातल्या एका लूममध्ये सुताच्या कांड्या भरायचा. तो म्हणायचा, अख्ख्या भिवंडीत खरा धावतो तो एकटा मागावरचा धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर, आणि पोचत कुठेच नाही. धम्मपालने ते वाक्य एका बातमीत घातलं होतं. संपादकांनी कापलं आणि तिथे लिहिलं, ‘यंत्रमागांची धडधड अखंड सुरू आहे.’

आणि नावांची ती रीत. ती भिवंडीत कोणी सुरू केली हे सांगता येणार नाही, पण धम्मपालने ती जोपासली एवढं खरं. आग लागली, भिंत पडली, टँकर उलटला की बातमीच्या शेवटी धाव घेणाऱ्यांची नावं यायची. ज्याचं नाव राहिलं तो महिनाभर ओळख देत नसे. लग्नात भेटला तरी श्रीखंड वाढणाऱ्याकडे बघत राही. त्यामुळे नावं आधी तयार असत, आग नंतर लागे. यात कोणाला खोटेपणा वाटत नसे. लग्नपत्रिकेत वारलेल्या आजोबांचं नाव निमंत्रकांत घालतातच ना, त्यातलाच हा प्रकार. आजोबा दारात उभे राहून गुलाबपाणी शिंपडतील अशी अपेक्षा कोणी करत नाही. तेव्हा दिशाने, म्हणजे त्याच्या जागी आलेल्या त्याच्याच शिष्येने, आदराने त्याचं नाव त्या यादीत टाकलं असेल तर हरकत काय? हरकत काहीच नव्हती. तो आता आजोबांच्या जागी होता इतकंच. पण तसं नसेल तर? दिशाने त्याला तिथे पाहिलं असेल, म्हणून लिहिलं असेल तर?

इथे तो बिस्किटाचा उरलेला तुकडाही कपात सोडून देऊन स्वस्थ बसला. कारण गेल्या काही महिन्यांत त्याच्या हातून जे झालं होतं ते त्याने रत्नाला, म्हणजे बायको संघरत्नालाही, सांगितलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या ओमकारला त्याने लिफ्टमध्ये विचारलं होतं, कितव्या मजल्यावर राहता? ओमकार हसला, लोखंडेकाकांचे विनोद सोसायटीत प्रसिद्ध होते. तोंड गंभीर ठेवून काहीही बोलायची जन्माची सवय अशी उपयोगी पडते. मग एकदा बाजारात, ज्या चौकात तो लहानाचा मोठा झाला तिथे, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन तो उभा राहिला आणि घर कुठल्या हाताला ते त्याला उमगेना. गल्ल्या सगळ्या ओळखीच्या होत्या. ओळखीच्या माणसांनी भर बाजारात आपल्याला ओळखू नये तशा त्या तोंड फिरवून बसल्या होत्या. क्षणभरच. मग सगळं जागच्या जागी आलं. पण बाप आठवला. चिंधूचंही असंच सुरू झालं होतं. काम सुटल्यावर काही वर्षांनी तो दुपारी उठून सदरा चढवायचा, म्हणायचा, शिफ्टची वेळ झाली, निघतो. घरातले म्हणत, अहो ती लूम बंद पडून किती वर्षं झाली. तो म्हणे, बरं, आणि निघे. एकदा अंधार पडायची वेळ झाली तरी आला नाही, तेव्हा धम्मपाल निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून वेड्यासारखा पळत सुटला होता. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यापुढून, हातगाड्यांना धडकत, लोकांच्या शिव्या खात. जन्मात खरा धावला तो तेवढाच, आणि ते कसं दिसलं असेल ते त्याला माहीत नाही; स्वतःचं धावणं माणसाला दिसत नाही. बाप बंद शटरपुढे उभा होता. दोन्ही हातांची बोटं पुढे धरून हवेत न दिसणारा तुटका धागा सांधत होता. धम्मपालकडे बघून म्हणाला, ‘‘थांब बाबा, एवढी कांडी होऊ दे.’’

‘‘रत्ना,’’ त्याने आत हाक मारली, ‘‘चंदनाची अगरबत्ती लावलीस का गं?’’ कारण सकाळपासून घरात तो वास होता. उशीला होता, त्याच्या हातांनाही होता. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मग संघरत्ना म्हणाली, ‘‘हो. सकाळी लावली होती. का?’’ ‘‘काही नाही. छान आहे.’’ त्याने पेपरची घडी घातली, नाव आत जाईल अशी. ‘‘जरा दिशाकडे जाऊन येतो.’’ ती दारापर्यंत आली, हाताला पीठ तसंच. ‘‘आत्ता? ऊन चढलंय. फोन करा ना.’’ ‘‘फोनवर विचारण्यासारखं नाही.’’ ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, ‘‘मोबाइल घेतलात? चालू ठेवा,’’ आणि तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्याला दारापर्यंत पोचवायला कधी आली नव्हती, हे त्याच्या खाली उतरल्यावर लक्षात आलं, आणि मग ते इतर गोष्टींबरोबर मागे पडलं.

निजामपुऱ्यात शिरलं की आवाज आधी पायांना लागतो, कानांना मागाहून. दोन्ही बाजूंना लूम, मधे माणूस मावेल न मावेल एवढी वाट, कापडाचे तागे लादलेली हातगाडी आणि तिच्या मागून हाक, ‘‘चाचा, साइड, साइड!’’ तो भिंतीला चिकटला. भिंत थरथरत होती. त्याला वाटलं, आपल्याला आठवत नाही असं नव्हे, आपल्या आत सगळं चालूच आहे, फक्त आवाज इतका आहे की वेगळं काही ऐकू येत नाही. हा विचार त्याला बरा वाटला, दोन पावलं टिकला. बेकरीच्या फळीवरून नानखटाईवाला ओरडला, ‘‘लोखंडे साहब! पेपर में देखा आपको। इस उमर में दौड़ लगाई? माशाल्ला!’’ धम्मपालने तोंड तसंच ठेवून सांगितलं, ‘‘दौड़ना पड़ता है भाई, आग बुलाती है।’’ बेकरीवाला खूश झाला. पुढे शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, धूर फार होता का? धम्मपाल म्हणाला, फार. आणि म्हणताना त्याला धूर दिसला. पांढरा, जाड, गोडसर, एका पत्र्याच्या छपरावरून अंगावर येणारा. तो जागीच थांबला. हा धूर आठवलेला की शिंप्याने मागितला म्हणून आत्ता विणलेला? त्याने आयुष्यात इतक्या गोदामांच्या आगी लिहिल्या होत्या, त्यांतल्या किती न बघता, की धुराचे तागेच्या तागे त्याच्याजवळ पडून होते, कुठलाही उलगडावा. स्वतःचे गुडघे चाचपून बघावे असं त्याच्या मनात आलं. काल धावलो असेन तर ते दुखत असतील. गुडघे दुखत होते. पण ते परवाही दुखत होते. गुडघ्यांची साक्ष कोर्टात टिकली नसती.

दिशाचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची पोटमाळ्याएवढी खोली. ती दोन फोन चार्जिंगला लावून तिसऱ्यावर बोलत होती. त्याला बघून उठली, खुर्ची दिली. ‘‘सर! वाचलंत? नाव घातलंय तुमचं.’’

‘‘म्हणून तर आलो. दिशा, मी तिथे होतो का?’’

ती हसली. ‘‘काय सर.’’

‘‘नाही, खरंच विचारतोय. पूर्ण्याला. काल. मी धाव घेतली का?’’

‘‘म्हणजे काय, घेतलीच. तातडीने घेतलीत.’’ तिचं हसू मावेना. ‘‘लडकूशेठपण तातडीनेच. ते गोव्याला आहेत परवापासून, स्टेटस बघा त्यांचं.’’

‘‘तू मला पाहिलंस का तिथे, एवढंच सांग.’’

आता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावरून सर मस्करी करतायत की नाही हे कळायचा प्रश्नच नव्हता; तो चेहराच तसा होता. ‘‘सर, मी तरी कुठे गेले? बायपासला ट्रॅफिक बघितलंत ना. फोटो ग्रुपवर आले, फायरवाल्यांना फोन केला, बातमी मारली. तुमचं नाव असंच, रिस्पेक्ट म्हणून. तुम्हीच बोलायचात ना, आग विझते, नावं राहतात. चुकलं का? ऑब्जेक्शन असेल तर उद्या टाकत नाही.’’

‘‘नाही गं,’’ धम्मपाल म्हणाला, ‘‘राहू दे. मी म्हटलं, आपण गेलो आणि चहापण न पिता आलो की काय.’’ दिशाने चहा मागवला. तो चहा त्याला इतका गोड लागला की साखरेबद्दल रत्नाला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. खोटं होतं. स्वच्छ, खणखणीत, छापील खोटं होतं. इतकी वर्षं पेपरातला शब्द खरा निघावा म्हणून लोक नवस बोलत, आज त्याने खोटं निघाल्याबद्दल मनातल्या मनात हात जोडले. येताना त्याने नानखटाई घेतली. बेकरीवाल्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, आग विझवणाऱ्या माणसाकडून कसे घ्यायचे म्हणून; एवढ्यात धम्मपालला बढती मिळाली होती. गल्लीची भिंत अजून थरथरत होती, पण आता ती भिंतच थरथरत होती, तो नव्हे.

घरी आल्याआल्या त्याने रत्नाला सगळं सांगितलं. लडकूशेठचं गोवा, शिंप्याचा धूर, गुडघ्यांची साक्ष, सगळं. तोंड गंभीर ठेवून, ती हसेल अशा बेताने. ती हसली नाही. नानखटाईचा पुडा तिने न उघडताच ओट्यावर ठेवला. ‘‘म्हणजे बघ,’’ तो म्हणाला, ‘‘कोणीच गेलं नव्हतं. ती नाही, लडकूशेठ नाही, मी नाही. आग एकटीच होती बिचारी.’’

‘‘अहो,’’ संघरत्ना म्हणाली, ‘‘मी वर्षभरात अगरबत्ती लावलेली नाही. दम्यामुळे. डॉक्टरांनी बंद केली, तुम्हीच मूर्तीपुढचा पुडा उचलून फेकून दिलात.’’

त्याला ते आठवलं. पुडा फेकलेला स्पष्ट आठवला, हिरवा होता. तो गॅलरीत गेला. दोरीवर त्याचा निळा शर्ट वाळत होता, धुऊन, पिळून, उलटा करून, आणि तरी त्याला चंदनाचा वास होता. बाहीवर वाटाण्याएवढं भोक होतं, कडेने तपकिरी. त्यात त्याने करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली. रत्ना मागून सांगत होती, हळू, बातमी सांगावी तशी नव्हे, मुलाला औषध पाजावं तशी. दुपारी मी झोपले होते. उठले तर तुम्ही नाही. मग तुमच्या फोनवरून फोन आला, पूर्ण्याच्या त्या चहावाल्या मैनाबाईंचा. त्यांनीच रिक्षात बसवून दिलं. तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, जेवायला मागितलंत, शेवग्याच्या शेंगा. मी काही बोलले नाही. मामंजींच्या वेळेला आपण सारखं सांगत राहायचो, बंद पडली लूम, बंद पडली लूम, आणि त्यांचं तोंड कसं व्हायचं आठवतंय ना. मला तसं तोंड बघायचं नव्हतं परत. म्हटलं एकदाच झालं असेल.

तो शर्टाची बाही धरून उभा होता. पेपरातलं खोटं होतं. हे आत्ताच झेरॉक्सच्या दुकानावर सिद्ध झालं होतं. आणि तरी ते खरं होतं. दिशाने त्याला न बघता पाठवलं, आणि तो तिने न पाठवता जाऊन आला. ही दोन वाक्यं त्याने मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर त्यांच्यामध्ये उभं राहायला त्याला जागा उरेना. ‘‘लाव,’’ तो म्हणाला. ‘‘मैनाबाईंना फोन लाव.’’

फोनमध्ये आधी टपरीचा गलका आला, मग मैनाबाईचा आवाज, पूर्ण्याच्या नाक्यावर चहा विकून विकून रुंद झालेला. ‘‘कोन, लोखंडेदादा? हाय का वो बरं?’’

‘‘बरा आहे. मैनाबाई, काल मी तिथे आलो, तर धावत आलो का?’’

‘‘धावत? न्हाय बा. धावत व्हते ते गोदामातले पोरं, भायेर. तुमी आले शेअर-रिक्षानी. उतरले नि हुबेच ऱ्हायले माज्या टपरीम्होरं. ठिनग्या अंगावर उरत व्हत्या, मी बोलले आत या, त न्हाय. नि हाताची बोटं अशी हलवत व्हते, लिवल्यावानी. कागद न्हाय, पेन न्हाय.’’

गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या आपल्या उजव्या हाताकडे तो बघत होता.

‘‘मंग मना बोलले, नाव काय तुमचं, वय काय, काय बगितलंत. मी बोलले, अवो दादा, मी मैना, तुमाला चाय पाजता पाजता माजं केस पिकलं. त तुमी बोलले, वय?’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय, सांगितलं पन्नास.’’ मैनाबाई हसली. ‘‘धा वरसं कमीच सांगितली. बोलले, पेपरात येतंय त येऊ दे बरं. आलं का वो?’’

‘‘नाही आलं,’’ तो म्हणाला. ‘‘जागेअभावी.’’

फोन ठेवल्यावर दोघंही गॅलरीत बसून राहिली. रत्नाने नानखटाईचा पुडा आणला, आणि कोणी खाल्ली नाही. समोर पत्र्यांच्या छपरांवर ऊन पांढरं पडलं होतं. त्याला बापाची बोटं दिसत होती, आणि त्या बोटांत आता आपला हात कुठे संपतो ते कळत नव्हतं. बाप धागा सांधत होता, तो वाक्य. दोघांचंही काम कोणी मागितलं नव्हतं. भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं. पण भीती मधेच कुठेतरी थांबली होती, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते तशी. त्याऐवजी त्याच्या मनात येत होतं की मैनाबाईने आणखी काय सांगितलं असेल. ती प्रत्यक्षदर्शी. बऱ्याच वर्षांनी त्याने एका प्रत्यक्षदर्शीला प्रत्यक्ष विचारलं होतं, आणि नेमकं तेवढंच पुसलं गेलं होतं. ‘‘डॉक्टरकडे जाऊ या,’’ रत्ना म्हणाली. ‘‘जाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘धम्मदिनाला कळवू का?’’ धम्मदिना त्यांची मुलगी, नाशिकला असते. ‘‘नको. ती धाव घेईल,’’ तो म्हणाला, आणि मग दोघंही थोडं हसली, आणि हसताना रत्नाला खोकला आला, म्हणून तो पाणी आणायला उठला.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून घंटा गेली. बंबाची. लांबून मोठी होत आली, सोसायटीच्या फाटकाशी दाटली, वळून खाडीच्या बाजूला बारीक होत गेली. पाणी आणायला उठलो होतो, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याला पूर्ण वेळ ठाऊक होतं. पण पायांत चपला होत्या, आणि तो जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होता, आणि मधलं काहीच नव्हतं. लिफ्टसाठी थांबायचं भानही पायांना नव्हतं. उजव्या हाताची बोटं हलत होती. त्याने ती डाव्या हातात घट्ट धरली. आणि वरून आवाज आला.

आधी नुसता आवाज. मग ती दिसली. केसांचा अंबाडा सुटलेला, पदर हाताला गुंडाळलेला, एका पायात घरातली सपात आणि दुसरा पाय उघडा, छातीतून शिट्टीसारखा श्वास. पायऱ्या चुकवत, कठडा चाचपत, कुठल्याही क्षणी पडेल अशी, आणि तरी न थांबता. लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावर टेकायला बसणारी संघरत्ना. तो बघत राहिला. एवढी वर्षं त्याने हे लिहिलं होतं, शेकडो वेळा, पोलिसांना, पुढाऱ्यांना, बंबांना वाटून टाकलं होतं, आणि ते दिसतं कसं हे त्याला आज या वळणावर दिसत होतं. ते अजिबात सुंदर नव्हतं. त्यात घाम होता, आणि कोणाकडे बघायला वेळ नव्हता.

तिने त्याची बाही पकडली. बोलायला श्वास नव्हता, म्हणून ती नुसती धरून उभी राहिली. तो म्हणाला, ‘‘मी पाणी आणायला उठलो होतो.’’ तिने मान हलवली; म्हणजे माहीत आहे. मग श्वास थोडा जमल्यावर म्हणाली, ‘‘चला. मी पण येते. कुठे लागलीय ते बघून येऊ.’’

‘‘तुझी सपात वर राहिली.’’

‘‘राहू दे.’’

दोघं उतरू लागली, एकेक पायरी, ती कठड्याच्या बाजूने, तो तिच्या. घाई कसलीच नव्हती. धाव घेणाऱ्यांची नावं दिशाने एव्हाना टाकली असतील. त्यांत संघरत्नाचं नसेल, एवढं एक त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या दिवशी पक्कं ठाऊक असलेली गोष्ट ती तेवढीच होती, म्हणून ती त्याने फाटकापर्यंत सांभाळून नेली.